'कोर्स' किती दिवसांचा? निमोनियाच्या गोळ्यांमागची पार्श्वभूमी

निमोनिया काय असतो, अँटिबायोटिक व्हायरसवर चालत नाही, हे सगळं करोनानंतर घरोघरी पाठ झालंय, त्यामुळे ते सोडून देतो. घोळ आहे तो 'कोर्स' या एका शब्दाचा. आमच्या जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा-अमळनेर पट्ट्यात पेशंट डॉक्टरला विचारतो "कोर्स किती दिवसांचा?", मेडिकलवाल्याला म्हणतो "कोर्समधल्या अर्ध्या दे, बाकीच्या बाजारच्या दिवशी नेतो", आणि घरी जाऊन शेजाऱ्याला सांगतो की मागच्या हिवाळ्यात मी पण हाच कोर्स मारला होता. शब्द एक, अर्थ तीन. मी वीसेक वर्षं मेडिकलच्या काउंटरमागे उभा होतो, १९९६ पासून, म्हणून मला त्या काळातलं जास्त आठवतं, आधीचं वाचलेलं आहे.

आधीचं थोडक्यात. पेनिसिलिन हातात यायच्या आधी १९३० च्या दशकाच्या शेवटी निमोनियावर सल्फाच्या (जंतू रोखणाऱ्या) गोळ्या आल्या, तोवर घरातलं माणूस वाचणार की जाणार हे बघत बसणं एवढंच असायचं. पेनिसिलिन १९२८ ला लंडनला सापडलं पण लोकांना मिळायला १९४० चं दशक उजाडलं, आपल्याकडे पिंपरीचा सरकारी कारखाना १९५० च्या दशकात निघाला. आता गंमत बघा, ज्यांनी ते शोधलं त्यांनी १९४५ च्या नोबेलच्या भाषणात एक गोष्ट सांगितली. एक गृहस्थ घसा दुखतो म्हणून स्वतःच पेनिसिलिन विकत आणून थोडंसंच घेतो, जंतू मरत नाहीत, उलट शहाणे होतात, तेच जंतू त्याच्या बायकोला लागतात, तिला निमोनिया होतो, पेनिसिलिन देऊनही चालत नाही आणि ती जाते. तात्पर्य काय, तर घ्यायचं तर पुरेसं घ्या. त्यात भर डोसवर होता, अमुक दिवस घ्या असं काही नव्हतं. पण पुढच्या पन्नास वर्षांत 'पुरेसं' चं हळूहळू 'पूर्ण' झालं आणि 'पूर्ण' म्हणजे सात, दहा नाहीतर चौदा दिवस. हे आकडे कुठून आले? मोजूनमापून फारसे नाहीत, आठवडा सात दिवसांचा असतो म्हणून सात आणि दोन आठवड्यांचे चौदा, असंच म्हणायला लागेल.

मग अमॉक्सिसिलिन आलं १९७० च्या दशकात, आणि ॲझिथ्रोमायसिन, जे १९८० ला झाग्रेबमध्ये तयार झालं. या दुसऱ्या गोळीने आमच्याकडे सगळा घोटाळा केला असं माझं मत. कारण तिची छोटी पट्टी तीन गोळ्यांची, रोज एक, झालं. ती तीन दिवसांत संपते खरी पण औषध शरीरात मुरून राहतं, निम्मं व्हायलाच अडीच-पावणेतीन दिवस लागतात, म्हणजे गोळी संपल्यावरही काम चालू असतं. अमॉक्सिसिलिनचं तसं नाही, ते तासाभरात निम्मं होतं, म्हणून दिवसातून दोन-तीनदा घ्यावं लागतं आणि वेळ चुकवून चालत नाही. हा फरक काउंटरवर कोण सांगणार, समोर दहा माणसं उभी. लोकांनी एवढंच उचललं की अँटिबायोटिक तीन दिवसांचं असतं, आणि मग अमॉक्सिसिलिन पण तीन दिवस, लिव्होफ्लॉक्सॅसिन पण तीन दिवस. "ताप उतरना, आते गोया कसाले?" (ताप उतरला, आता गोळ्या कशाला?) हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल त्याला हिशोब नाही.

लिव्होफ्लॉक्सॅसिनचं वेगळं सांगायला पाहिजे. ही 'पावरची' गोळी म्हणून फार चालायची. निमोनियाला चालते, खोटं नाही, पण ती टीबीच्या जंतूंनाही अर्धवट मारते, म्हणजे खरा आजार टीबी असला तर आठवडाभर बरं वाटतं, तपासणीत पटकन सापडत नाही आणि निदान लांबतं. जिनिंगमधला एक माणूस आमच्याकडूनच चिठ्ठीशिवाय दोनदा ती पट्टी घेऊन गेला होता, दोन्ही वेळा "एकदम फरक पडला भाऊ" म्हणाला. तिसऱ्यांदा त्याची बायको आली ती सरकारी दवाखान्याची टीबीची फाइल घेऊन. त्यानंतर मी ती गोळी चिठ्ठीशिवाय दिली नाही, मालकाशी वाद झाला तरी. शिवाय टाचेजवळचे स्नायूबंध (स्नायू हाडाला जोडणारे दोर) दुखावणं हा तिचा जुना त्रास, २००८ ला अमेरिकेत त्याबद्दल सगळ्यात कडक इशारा छापायला लावला, म्हाताऱ्या माणसांना आणि स्टेरॉइड चालू असलेल्यांना जास्त धोका. ॲझिथ्रोमायसिनबद्दल पण २०१३ ला हृदयाच्या ठोक्यांवरून इशारा आला. काउंटरवर कुणी विचारत नव्हतं की काका, हार्टचं काही आहे का.

चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत अशा औषधांची यादी म्हणजे शेड्यूल एच. सरकारने २०१३ ला तिच्याहून कडक शेड्यूल एच-१ काढलं, १ मार्च २०१४ पासून लागू, ४६ औषधं. वेगळं रजिस्टर, त्यात डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, औषध आणि किती दिलं, आणि ते रजिस्टर तीन वर्षं सांभाळायचं. सेफिक्झिम, लिव्होफ्लॉक्सॅसिन त्यात आले, पण अमॉक्सिसिलिन आणि ॲझिथ्रोमायसिन साध्या एच मध्येच राहिले. चिठ्ठी त्यांनाही लागते, कागदावर. प्रत्यक्षात आमच्या दुकानात काय झालं, तर रजिस्टर लिहायचा कंटाळा म्हणून जो तो ॲझिथ्रोमायसिन पुढे करायला लागला. कायदा चुकला असं नाही, पण फट कुठे राहिली ते दिसतं.

आता मुख्य वाद. २०१७ च्या जुलैमध्ये इंग्लंडच्या एका नामांकित मेडिकल मासिकात काही तज्ज्ञांनी लिहिलं की 'कोर्स पूर्ण करा' याला पुरावा नाही, उलट गरजेपेक्षा जास्त दिवस गोळ्या घेतल्यानेच अंगातले बाकीचे जंतू निर्ढावतात. त्यावर तिकडे बरीच बोंबाबोंब झाली, इकडे व्हॉट्सॲपवर मराठीत फॉरवर्ड फिरला की 'आता कोर्स पूर्ण करायची गरज नाही'. आणि माझा राग याच्यावर आहे. मूळ म्हणणं चुकीचं नव्हतं. नेदरलँड्समध्ये २००६ ला, फ्रान्समध्ये २०२१ ला अभ्यास झाले, तीन दिवस विरुद्ध आठ दिवस, निकाल साधारण सारखाच. स्पेनमध्ये २०१६ ला पाच दिवस पुरतात असं निघालं. अमेरिकन नियमावलीत तर २००७ पासूनच किमान पाच दिवस असं होतं. पण या तीन दिवसवाल्या अभ्यासातली माणसं कोण होती? दवाखान्यात भरती झालेली, योग्य औषध योग्य डोसमध्ये मिळालेली, आणि तिसऱ्या दिवशी डॉक्टरने तपासून ताप, नाडी, श्वास, बीपी बघून 'सुधारलाय' म्हटलेली. तपासूनच थांबवलं होतं. फुफ्फुसाभोवती पू झाला, किंवा जंतूच चिवट निघाला, तर दोन-तीन आठवडेही लागतात. फॉरवर्डमध्ये यातलं एक अक्षर नव्हतं.

आमच्याकडचा शॉर्ट कोर्स कधी डॉक्टरने ठरवलाच नाही, तो खिशाने ठरवला, नाहीतर केळीच्या काढणीने. दोन दिवसांत ताप गेला की माणूस बागेत. आणि उलटंही होतं, खोकला जात नाही म्हणून दुसरी पट्टी. निमोनियानंतर खोकला काही आठवडे रेंगाळतो, एक्स-रे पण बऱ्याचदा सहा आठवड्यांपर्यंत पूर्ण साफ दिसत नाही, त्याला अँटिबायोटिक लागत नाही. खरी काळजी उलट परिस्थितीत, म्हणजे औषध चालू करून दोन-तीन दिवस झाले तरी ताप, धाप तशीच, तेव्हा मेडिकलला न येता परत डॉक्टरकडे जायचं असतं.

२०२० ला करोनात तर ॲझिथ्रोमायसिन चण्याफुटाण्यासारखं खपलं, सर्दी झाली तरी पाच दिवस. वर्षभरातच मोठ्या अभ्यासात दिसलं की त्याने करोनात काही फरक पडत नाही. तोवर आमच्या गल्लीत सुद्धा प्रत्येक घरी अर्धी पट्टी पडलेली होती.

पट्टीचं पण एक आहेच. मागच्या डिसेंबरात मायला निमोनिया झाला, डॉक्टरने को-अमॉक्सिक्लॅव (अमॉक्सिसिलिनचंच जोडऔषध) लिहिलं, सकाळ-संध्याकाळ, जेवणाबरोबर, पाच दिवस, आणि खाली 'तिसऱ्या दिवशी दाखवणे'. इतकी नीट चिठ्ठी मी काउंटरला क्वचित पाहिली. गोळ्या लागणार दहा, पट्टी सहाची. मेडिकलवरचा पोरगा म्हणे कापून देतो, पण कापली की एक्सपायरीची तारीख एका तुकड्यावर राहते, म्हणून मी दोन पट्ट्या घेतल्या. माय तिसऱ्या दिवशी दाखवून आली, पाच दिवस झाले, बंद. दोन गोळ्या उरल्या. तिने त्या सुपारीच्या डब्यात टाकल्या आणि म्हणाली, "राहू दे, कामले येतीन." दुसऱ्या दिवशी मी डबा उघडला तर आत आणखी चार वेगवेगळ्या निघाल्या, दोन वडिलांच्या वेळच्या.