एक्सएमएल आलं कुठून: काट्याच्या पावतीपासून सुरुवात

रावेर-सावदा पट्ट्यात केळीची गाडी भरली की काट्यावर पावती फाटते. शेतकऱ्याचं नाव, बाग (म्हणजे केळीच्या लागवडीचा हंगाम, मृगबाग की कांदेबाग), वजन, भाव. वजनाच्या जागी चुकून गाडी नंबर पडला, तर मुनीम तिथल्या तिथे टोकतो. संगणक टोकत नाही. अशाच पावत्यांच्या एका फाइलमध्ये रकाने स्वल्पविरामाने वेगळे केले होते, आणि कुणीतरी नावापुढे स्वल्पविराम देऊन गावाचं नाव लिहिलं होतं. त्या ओळीतले सगळे रकाने एक घर सरकले, वजन भावाच्या रकान्यात जाऊन बसलं, आणि प्रोग्रॅमने बिनतक्रार बेरीज करून दिली. ती चूक शोधण्यात माझा अख्खा दिवस गेला. तेव्हापासून एक्सएमएल, म्हणजे माहितीच्या प्रत्येक तुकड्याला तो काय आहे याची खूण लावून लिहायची भाषा, शिकवताना मी पावतीपासूनच सुरुवात करतो.

या भाषेचं मूळ वकिली कागदपत्रांत आहे. १९६९ साली आयबीएममध्ये चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर आणि रेमंड लोरी वकिलांच्या कार्यालयासाठी व्यवस्था उभी करत होते. मजकूर दुरुस्त करणारा, शोधणारा आणि छापणारा असे तीन वेगळे प्रोग्रॅम, आणि एकाच्या खुणा दुसऱ्याला कळत नव्हत्या. त्यांनी ठरवलं की मजकूर ठळक दिसावा की तिरपा, हे लिहायचंच नाही. तो मजकूर काय आहे, शीर्षक की परिच्छेद, एवढंच लिहायचं. तिघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून ही खुणांची भाषा जीएमएल झाली. १९८६ साली तिचं व्यापक रूप, एसजीएमएल, आंतरराष्ट्रीय मानक बनलं. ते ताकदवान होतं, पण इतकं अवघड की मोठ्या संस्थांनाच झेपायचं.

पुढे वेब आलं. वेबपानं लिहायच्या एचटीएमएल भाषेत टॅग, म्हणजे अशा खुणा, ठरावीक. त्यात ‘वजन’ नावाचा टॅग कुठून असणार? म्हणून १९९६ मध्ये जॉन बोसाक यांच्या पुढाकाराने डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचा एक गट एसजीएमएलची छाटणी करायला बसला. १० फेब्रुवारी १९९८ रोजी एक्सएमएल १.० जाहीर झालं. टॅग आपले आपण ठरवा, पण उघडलेला प्रत्येक टॅग बंद झालाच पाहिजे. एक जरी राहिला तरी वाचणाऱ्या प्रोग्रॅमने अंदाज बांधायचा नाही, थांबायचं. हा कडकपणा मला फार मोलाचा वाटतो. काट्याची पावती मग अशी दिसते:

<पावती>
  <बाग>कांदेबाग</बाग>
  <वजन एकक="क्विंटल">42.50</वजन>
</पावती>

टॅग नीट बंद झाले म्हणजे माहिती बरोबर आहे असं नाही. पावतीत काय काय असावं याचे नियम वेगळे लिहावे लागतात. सुरुवातीला त्यासाठी एसजीएमएलकडून आलेली डीटीडी ही नियम लिहायची पद्धत होती. ‘पावतीत आधी बाग, मग वजन’ हे ती सांगू शकते. वजन हा आकडाच हवा, हे मात्र तिला सांगता येत नाही. वजनात ‘उद्या कळवतो’ लिहिलं तरी तिला चालतं. ती उणीव मे २००१ मध्ये आलेल्या एक्सएमएल स्कीमाने भरून काढली. बाग म्हणजे मृगबाग किंवा कांदेबाग, तिसरं काही नाही. वजन शून्यापेक्षा जास्त. असे नियम एकदा लिहिले की पाठवणारा आणि घेणारा, दोघेही तेच लावून फाइल तपासू शकतात. माझी ती सरकलेली ओळ यात दारातच अडली असती, कारण बागेच्या जागी गावाचं नाव आलं असतं.

आज नव्या कामांत जेसन ही माहिती लिहायची दुसरी, सुटसुटीत पद्धत जास्त दिसते. तरी हिशेबाचं सॉफ्टवेअर टॅली एक्सएमएलमध्ये माहिती देतं-घेतं, आधारची ऑफलाइन ई-केवायसी फाइल एक्सएमएलच असते, आणि वर्डच्या डॉक्सएक्स फाइलच्या पोटातही तेच निघतं.

वरच्या पावतीत टॅग मराठीत आहेत, ते हौसेखातर नाहीत. एक्सएमएल पहिल्या दिवसापासून युनिकोडवर, म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या अक्षरांना ठरावीक क्रमांक देणाऱ्या मानकावर, उभं आहे, त्यामुळे टॅगचं नावही देवनागरीत चालतं. फॉन्ट बदलला की मजकुराची खिचडी व्हायची, त्या काळात ही मोठी गोष्ट होती. वजन मात्र मी मुद्दाम इंग्रजी आकड्यांत लिहिलंय. स्कीमाच्या दशांश प्रकाराला तेवढेच आकडे कळतात, तिथे ‘४२.५०’ लिहिलं, तर ती पावती नाकारली जाते.