पेन्शनीवर आलेला फौजी: पीटीएसडी की नुसतं न रुळणं?

सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी टाकतं, "तिसऱ्या मजल्यावरचे फौजी काका आज परत वॉचमनवर ओरडले. पीटीएसडी असणार बिचाऱ्यांना." पीटीएसडी म्हणजे पोस्ट-ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर, जिवावरच्या घटनेनंतर मनाला जडणारा आजार. खाली हात जोडणाऱ्यांची रांग लागते. आणि ज्या घरात माणूस खरोखरच सगळी रात्र सोफ्यावर बसून काढतोय, तिथे नातेवाईक सांगून जातात, "मिलिटरीतून आलाय, रुळायला वेळ लागणारच." म्हणजे धडधाकट माणसाला आजारी ठरवायचं आणि आजाऱ्याला वाट बघत बसवायचं. हा घोळ ऐकून ऐकून कान किटले.

न रुळणं सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे थोडक्यात. साताऱ्याकडचा हवालदार चाळिशीच्या आतबाहेर पेन्शनीवर येतो आणि मुलांच्या शिक्षणासाठी भांडुपला नाहीतर कांदिवलीला बिऱ्हाड करतो. पलटणीत सकाळच्या पीटीपासून रात्रीच्या रोलकॉलपर्यंत दिवस आखलेला होता, हाताखाली जवानांचं सेक्शन होतं. इथे तो बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभा, आणि पंचविशीतला साहेब त्याला चहा सांगायला पिटाळतो. घरी बायकोने पंधरा-सोळा वर्षं एकटीने संसार ओढलाय. सिलिंडर कधी लावला याचा हिशेब तिला आता कुणी विचारायला नको असतो. चिडचिड होते, कंटाळा येतो, कॅन्टीनची बाटली जरा लवकर संपते. हे फार विकोपाला गेलं तर डॉक्टर त्याला समायोजन विकार म्हणतात. तो बदल झाल्यापासून ३ महिन्यांच्या आत सुरू होतो आणि ताणाचं कारण मिटलं की ६ महिन्यांत ओसरतो. मनासारखं काम मिळालं की बरेचजण ताळ्यावर येतात. २०२२ च्या अग्निपथ या फौजभरती योजनेत ४ वर्षांनी जास्तीत जास्त २५ टक्के जण कायम होणार. बाकीची पोरं घरी आली की त्यांचं दुखणंही बहुतेक याच खात्यातलं असेल. त्यांना उगाच मानसिक रुग्ण म्हणू नका, नोकरी द्या.

पीटीएसडीला मात्र घटना लागते. स्वतःचा मृत्यू समोर दिसलेला असतो, नाहीतर दुसऱ्याचा जीव डोळ्यांदेखत गेलेला असतो. पहिल्या महायुद्धात 'शेल शॉक' म्हणायचे. आजच्या नावाने अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत नोंद झाली ती १९८० साली. घटना लढाईतलीच हवी असंही नाही. हिमकडा कोसळून सोबती गाडला गेला, पुढचा ट्रक दरीत गेला, तरी पुरतं. तेव्हा "हे तर ड्रायव्हर होते, यांनी कुठे लढाई पाहिली" हे बोलणं बंद करावं. विरार लोकलच्या गर्दीने आपल्याला पीटीएसडी झाला असं सांगणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही.

खरी गोची पुढे आहे. दोन्ही गोष्टी दिसायला लागतात त्या एकाच सुमाराला, पेन्शन झाल्यावर. नोकरीत असताना जवान सहसा तोंड उघडत नाही. फौजेच्या वैद्यकीय वर्गवारीला शेप म्हणतात, आणि तिचं पहिलंच अक्षर मानसिक स्थितीचं. 'शेप-वन' हा वरचा दर्जा गेला की बढतीवर गदा येऊ शकते, हे त्याला पक्कं माहीत असतं. शिवाय पलटणीत रिकामा वेळ मिळत नाही, आणि शेजारच्या खाटेवरचाही तेच बघून आलेला असतो. पेन्शन झाली की हे सगळे टेकू एकदम निघतात. मग १९८७ ते ९० च्या दरम्यान श्रीलंकेत पाहिलेलं, १९९९ ला कारगिलच्या लढाईत द्रासमध्ये पाहिलेलं, कितीतरी वर्षांनी मुंबईतल्या वन-रूम-किचनमध्ये उसळून वर येतं. लक्षणं उशिरा पुरती उघडी पडू शकतात, हे निदानपुस्तिकेलाही मान्य आहे. तेव्हा "रिटायर झाल्यावर सुरू झालं, म्हणजे रिटायरमेंटचाच ताण" हा हिशेब टिकत नाही. राग, दारू, अबोला यांवरूनही काही ठरत नाही. ते दोन्हीकडे सापडतात.

बघायचं ते हे, की माणूस आठवणीकडे धावतोय की आठवणीपासून पळतोय. न रुळलेला फौजी धावतो. पलटणीच्या ग्रुपवर पहाटेच 'राम राम' टाकतो, बेळगावच्या मराठा रेजिमेंटच्या सेंटरमधल्या कार्यक्रमाला रजा काढून जातो, चौकीवरचा तोच किस्सा जेवताना विसाव्यांदा ऐकवतो. मुभा मिळाली तर उद्या परत जाईल. पीटीएसडी झालेला माणूस काहीतरी चुकवत असतो. हे सरळसोट नसतं, कारण पलटणीची ओढ त्यालाही असते आणि किस्से तोही सांगतो. पण नीट ऐकलं तर एक जागा गाळलेली सापडते. सगळ्या पोस्टिंग सांगेल, मधली दोन वर्षं वगळेल. एका सोबत्याच्या घरून फोन आला की उचलणार नाही. जळक्या डिझेलचा वास येतो म्हणून गॅरेजची गल्ली सोडून लांबून जाईल. आणि एवढं चुकवूनही ते त्याला गाठतंच, स्वप्नात किंवा भर दुपारी, आणि तेवढा वेळ तो मुंबईत नसतो.

झोपेचंही तसंच. न रुळलेला साडेचारला सवयीने उठून चहा टाकतो आणि घराला जागं करतो, वैताग आहे पण आजार नाही. पीटीएसडी झालेल्याला आडवं व्हायचीच भीती वाटते. दिवाळीच्या सुतळी बॉम्बवर लोक फार भर देतात. मला तो पुरावा वाटत नाही, दचकायला आपणही दचकतो. त्यानंतर काय होतं ते बघा. मिनिटाभरात शिवी हासडून परत पेपर उघडला तर ठीक. पण दाराकडे तोंड करूनच बसणं, कड्या पुन्हा पुन्हा तपासणं, नवरात्रापासूनच मुंबईबाहेर जायचं घाटणं, हे महिन्याहून जास्त चाललं असेल तर डॉक्टर गाठावा.

एवढा कीस काढायचं कारण उपचार. न रुळण्याला काम, माणसं आणि थोडा वेळ पुरतो. पीटीएसडीत नुसत्या वेळाचा भरवसा धरता येत नाही, आणि "विसरून जा, विषय काढू नकोस" हा घराघरातला सल्ला तर सगळ्यात वाईट, कारण चुकवण्यावरच तो आजार पोसला जातो. उपचारात तज्ज्ञाच्या सोबतीने त्या आठवणीकडे टप्प्याटप्प्याने जावं लागतं. जोडीला सर्ट्रालीनसारखी औषधं असतात. बरं वाटतं, हे लोकांना सांगावं लागतं.

उलटी बाजूही लक्षात ठेवा. लढून आलेला प्रत्येकजण मोडलेला नसतो. व्हिएतनामहून परतलेल्या अमेरिकी सैनिकांच्या मोठ्या सरकारी पाहणीतही, आयुष्यात केव्हातरी पीटीएसडी झालेले पुरुष ३० टक्क्यांच्या आसपास निघाले, म्हणजे बहुसंख्यांना झालाच नाही.

कुठे जायचं हे सोपं आहे. ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, कार्ड असेल तर पॉलिक्लिनिकमधून रेफरल घ्या. नसेल तर परळच्या केईएमची मानसोपचार ओपीडी आहे. निदान १४४१६ वर टेलिमानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला, फोन करा, मराठीत बोलता येतं. फक्त त्याला एकट्याला पाठवू नका. वहिनींनी सोबत जावं, कुठल्या साली कुठे पोस्टिंग होतं ते कागदावर लिहून न्यावं आणि रात्री काय होतं ते स्वतः सांगावं. एकटा गेला तर तो गुडघेदुखीच सांगून येतो.