मागच्या ॲक्सलमधला आकडा : कुठून आला, कुठे लपला

गाडीचं एक मागचं चाक जॅकवर उचला, दुसरं जमिनीवरच राहू द्या. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडाचे ठोकळे लावा, गिअर न्यूट्रलला घ्या, हँडब्रेक सोडा. टायरवर खडूची एक खूण करा, प्रॉपेलर शाफ्टवर, म्हणजे गिअरबॉक्समधून मागच्या ॲक्सलला ताकद नेणाऱ्या दांड्यावर, दुसरी. आता उचललेलं चाक हातानं बरोबर दोन फेरे फिरवा. साध्या डिफरेन्शियलमध्ये, म्हणजे दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणाऱ्या गिअरच्या रचनेत, एक चाक अडलेलं असलं की दुसऱ्याच्या दोन फेऱ्यांत क्राऊन, म्हणजे आतलं मोठं दातेरी चक्र, एकदाच फिरतो. तेवढ्यात शाफ्ट किती वेळा फिरला, तोच मागच्या ॲक्सलचा रेशो. तीन फेरे पूर्ण झाले आणि खूण पाऊण फेऱ्याच्या जरा अलीकडे थांबली, तर आकडा ३.७० की ३.७३? अशा वेळी चाक वीस फेरे फिरवायचं आणि शाफ्टचे फेरे दहानं भागायचे. ३७ आणि वर पाव फेऱ्याहून जरा जास्त आला, तर ३.७३. म्हणजे क्राऊनला ४१ दाते आणि त्याला फिरवणाऱ्या, शाफ्टच्या टोकावरच्या छोट्या पिनियनला ११.

एवढा खटाटोप का करावा लागतो, याचं उत्तर जुनं आहे. हा आकडा सुरुवातीला उघड्यावर होता आणि नंतर ॲक्सलच्या लोखंडी हाउसिंगमध्ये, म्हणजे आवरणात, बंद झाला.

डिफरेन्शियल मोटारीपेक्षा जुना आहे. फ्रान्समधल्या ओनेसिफोर पेक्यर यांनी १८२८ मध्ये वाफेच्या गाडीसाठी त्याचं पेटंट घेतलं. कार्ल बेंझ यांच्या १८८६ च्या पेटंटच्या तीनचाकीत ताकद मागच्या चाकांपर्यंत साखळीनं जात होती. साखळीच्या गाडीत रेशो डोळ्यांना दिसतो. पुढच्या चक्राचे दाते मोजा, मागच्या चक्राचे मोजा, झालं. चढाच्या भागात जायचं असेल तर चक्र बदला. इंग्लंडमधल्या फ्रेझर नॅश गाड्यांनी ही सोय १९३९ पर्यंत सोडली नाही. त्यांत प्रत्येक गिअरला स्वतंत्र साखळी असे आणि चक्रं बदलून रेशो बदलता येत. मला ही रचना मनापासून आवडते, कारण तिच्यात काहीच झाकलेलं नाही.

पण साखळीला धूळ लागते, ती ताणली जाते, आवाज करते. १८९८ मध्ये लुई रेनॉ यांनी आपल्या छोट्या गाडीत साखळीऐवजी शाफ्ट घातला आणि वरचा गिअर थेट केला, म्हणजे त्या गिअरमध्ये इंजिन आणि शाफ्ट एकाच वेगानं फिरू लागले. त्या दिवसापासून मागच्या ॲक्सलवरची जबाबदारी वाढली. वरच्या गिअरमध्ये इंजिन किती फिरणार, हे आता एकट्या क्राऊन-पिनियनवर ठरू लागलं. आणि नेमकी तीच जोडी तेलात बुडून नजरेआड गेली.

फोर्डनं १९०८ च्या मॉडेल टीला ४० आणि ११ दात्यांची जोडी दिली, म्हणजे ३.६४. वीस अश्वशक्तीचं इंजिन, दोनच पुढचे गिअर आणि खडबडीत रस्ते, या तिन्हींना एका आकड्यात बसवायचं होतं. १९१७ मध्ये त्याच इंजिनावर मॉडेल टीटी हा ट्रक आला. त्याच्या ॲक्सलमध्ये वर्म गिअर (स्क्रूसारख्या आट्यांचा गिअर) होता आणि रेशो होता ७.२५. इंजिन तेच, पण एका फेऱ्यामागे गाडी जवळपास निम्मंच अंतर कापणार आणि त्या बदल्यात एक टन माल ओढणार. ॲक्सलचा रेशो म्हणजे काय, हे समजावून सांगायला मला याहून चांगलं उदाहरण सापडलेलं नाही. आकडा मोठा तर ओढ जास्त, वेग कमी. आकडा लहान तर उलट.

या ११ आणि ४० मध्ये आणखी एक शहाणपण आहे. दोन्ही संख्यांना सामाईक भाजक नाही. त्यामुळे पिनियनचा प्रत्येक दाता क्राऊनच्या प्रत्येक दात्याला कधी ना कधी भेटतो आणि झीज सगळीकडे सारखी पसरते. नेमका ३.०० रेशो ३९ आणि १३ मधून काढला, तर पिनियनचा तोच दाता क्राऊनच्या त्याच तीन दात्यांना आयुष्यभर ठोकत राहतो. अशा जोडीवर कारखान्यात खुणा केलेल्या असतात आणि बसवताना त्या जुळवाव्या लागतात. ३.७३, ४.११, ३.५४ असे विचित्र आकडे का असतात, असं पुष्कळ जण विचारतात. त्यामागचं एक मोठं कारण हेच. ४.११ म्हणजे ३७ भागिले ९.

दात्यांचा आकारही बदलत गेला. सरळ दात्यांचे बेव्हल गिअर, म्हणजे कोनात एकमेकांत बसणारे शंकूच्या आकाराचे गिअर, वेगात रडायचे. अमेरिकेतल्या रॉचेस्टरच्या ग्लीसन कंपनीनं १९१३ च्या सुमारास वक्र दाते कापणारी यंत्रं आणली आणि पॅकार्डनं त्यांतून निघालेले गिअर वापरले. १९२० च्या दशकाच्या मध्यावर ग्लीसननंच हायपॉइड गिअर पुढे आणले. यात पिनियन क्राऊनच्या मध्यरेषेच्या खाली बसतो, त्यामुळे शाफ्ट खाली येतो आणि गाडीचा तळही खाली आणता येतो. पण अशा जोडीत दाते एकमेकांवर लोळण्याबरोबर घासतातही, आणि साधं तेल तो दाब सोसत नाही. डिफरेन्शियलला गंधकयुक्त, उग्र वासाचं तेल लागतं, ते या बदलापासून.

रेशो निवडण्याचा खरा धडा मात्र मला जीपमध्ये दिसतो. युद्धातल्या विलीस एमबीचा ॲक्सल ४.८८ चा होता, ३९ आणि ८ दात्यांचा. १९४५ मध्ये तीच गाडी सीजे-२ए या नावानं शेतकऱ्यांसाठी बाजारात आली, तेव्हा तिला ५.३८ दिला गेला, ४३ आणि ८ दात्यांचा. टायरचा आकार तोच, ६.००-१६. त्याच गिअरमध्ये चाकाशी ओढ दहा टक्क्यांनी वाढली आणि रस्त्यावरचा वेग तेवढा घटला. नांगर ओढणाऱ्या गाडीला असंच हवं होतं. पुढचा ॲक्सल बाहेरून मात्र दोन्हींत सारखाच दिसतो. आज अशी जुनी जीप घेणाऱ्यानं दाते मोजल्याशिवाय सुटे भाग आणू नयेत. चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत पुढचा आणि मागचा रेशो जुळलाच पाहिजे. नाही तर कोरड्या रस्त्यावर फोर-व्हील टाकताच दोन्ही ॲक्सल एकमेकांशी झगडतात आणि सगळी यंत्रणा पिळली जाते.

याच सुमारास शर्यतीच्या लोकांनी आकडा पुन्हा हाताशी आणला. टेड हॅलिब्रँड यांच्या क्विक-चेंज ॲक्सलमध्ये मागच्या झाकणाआड दोन सरळ गिअर असत. झाकण काढा, जोडी बदला, ट्रॅकला हवा तो रेशो तयार. रस्त्यावरच्या गाड्यांना ती चैन परवडणारी नव्हती.

१९६० च्या दशकात अमेरिकेत एकाच मॉडेलला चार-पाच रेशो मिळू लागले, तशी ओळखीसाठी खुणांची गरज पडली. कुणी ॲक्सलच्या नळीवर अक्षरं ठोकली, कुणी बोल्टखाली पत्र्याची पट्टी अडकवली. फोर्डच्या पट्टीवर ३एल५० असं दिसलं, तर रेशो ३.५० आणि दशांश चिन्हाच्या जागी आलेला एल म्हणजे लिमिटेड-स्लिप डिफरेन्शियल, एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला ताकद पोचवणारं. पण पट्टी एका बोल्टवर लटकते. मधल्या पन्नास वर्षांत कुणी हाउसिंग उघडलं असेल, तर ती हरवते, किंवा आतली जोडी बदलूनही तशीच परत लावली जाते. म्हणून पट्टी वाचायची, पण विश्वास दात्यांवर ठेवायचा.

१९७३ च्या तेलटंचाईनंतर वारं फिरलं. अमेरिकेत १९७४ मध्ये ताशी ५५ मैलांची मर्यादा आली, १९७५ मध्ये इंधनबचतीचा कायदा झाला, आणि ॲक्सलचे आकडे २.७३, अगदी २.४१ पर्यंत उतरले. इंजिन निवांत फिरू लागलं, गाड्या सुस्त झाल्या. पुढे ओव्हरड्राइव्हचे, म्हणजे वरच्या गिअरमध्ये शाफ्ट इंजिनापेक्षा वेगानं फिरवणारे, गिअरबॉक्स सर्रास झाले, तेव्हा ॲक्सलचा आकडा पुन्हा वाढवता आला. ३.७३ च्या ॲक्सलला ०.७० चा वरचा गिअर जोडला की हिशेब २.६१ चा होतो. म्हणूनच गिअरबॉक्स न पाहता केवळ ॲक्सलचा आकडा सांगून दोन गाड्यांची तुलना करणं मला पटत नाही.

टायरचंही तसंच आहे. २८ इंची टायर काढून ३३ इंची चढवला, तर ३.७३ चा ॲक्सल ३.१६ सारखा वागू लागतो. गाडी उठत नाही आणि क्लच जळायला लागतो. मूळची ओढ परत हवी असेल, तर ४.४० च्या जवळपासची जोडी शोधावी लागते. २.१ मीटर परिघाचं चाक असेल, तर ताशी ८० किलोमीटरला ते मिनिटाला ६३५ फेरे घेतं. थेट गिअरमध्ये ४.१० चा ॲक्सल इंजिनाला २६०० फेरे फिरवतो, ३.५४ चा २२५० च्या आसपास. निवड करण्यापूर्वी हा गुणाकार स्वतः कागदावर करा. आणि मोठ्या आकड्याच्या मोहात पडताना लक्षात घ्या की त्याच क्राऊनमध्ये रेशो वाढवायचा तर पिनियन लहान करावा लागतो, त्याचे दाते कमी होतात, आणि लहान पिनियन लवकर तुटतो. स्पीडोमीटर गिअरबॉक्सच्या मागच्या टोकावरून चालत असेल, तर रेशो बदलल्यावर तोही चुकीचं सांगू लागतो.

जुन्या लँड रोव्हरचे ॲक्सल ४.७ चे, म्हणजे ४७ आणि १० दात्यांचे. १९७० च्या रेंज रोव्हरचे ३.५४ चे. तिचं डिफरेन्शियल त्याच हाउसिंगमध्ये बसतं, म्हणून हमरस्त्यावर शांत चालावी यासाठी पुष्कळांनी अशी अदलाबदल केली. अशी अर्धवट बदललेली एक गाडी मी पाहिली आहे. मालकाची तक्रार एवढीच होती की ती एरवी छान पळते, फोर-व्हील टाकलं की जखडते. आम्ही दोन्ही डिफरेन्शियल उतरवून ओट्यावर ठेवली, फडक्यानं तेल पुसलं आणि खडूनं एकेक दाता मोजला. मागचे ४६ आणि १३ निघाले. पुढचे ४७ आणि १०.