बेगोनियाची कड का करपते?

माझा पहिला रेक्स बेगोनिया मे महिन्यात गेला. फेब्रुवारीत नर्सरीतून आणला तेव्हा त्याची चंदेरी पानं आणि कडेची जांभळट झाक पाहून घरी येणारा प्रत्येक जण थबकायचा. एप्रिल संपता संपता पानांच्या कडा तपकिरी, कुरकुरीत व्हायला लागल्या. शेजारच्या काकूंनी पाहिलं आणि म्हणाल्या, “पाणी कमी पडून राह्यलं त्याले. दोन टाइम टाक नं.” मलाही तेच पटलं. नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) लागायच्या आतच मातीवर आडवं पसरलेलं खोड मऊ पडलं. उपटून पाहिलं तर मुळं काळी, लिबलिबीत. वर पानं वाळत होती आणि त्याच वेळी खाली मुळं कुजत होती.

या दोन गोष्टी एकत्र कशा घडतात हे समजलं, की नागपुरात बेगोनिया जगवता येतो.

रेक्स मुळात आपल्याच देशातला, ईशान्य भारतातल्या ओल्या, सावलीतल्या टेकड्यांवरचा. ऑर्किडच्या रोपांसोबत तो युरोपात पोचला आणि १८५७ साली पुत्झेस या बेल्जियन वनस्पतितज्ज्ञानं त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. बेगोनियाच्या दोन हजारांहून जास्त जाती आहेत आणि त्यातल्या बहुतेक अशाच जागी वाढतात: झाडांखाली, ओल्या कातळावर, पालापाचोळ्याच्या पातळ थरात. सह्याद्रीत पावसाळ्यात फिरलं, तर ओलसर खडकांवर गुलाबी-पांढऱ्या फुलांचा एक नाजूक बेगोनिया हमखास भेटतो. पाऊस संपला की त्याची पानं जातात, जमिनीत कंद तेवढा उरतो. अशा जागी पाणी कधी दूर नसतं, त्यामुळे या कुळाची मुळं बारीक आणि उथळ असतात. पानं मात्र मोठी आणि पातळ, कारण सावलीत मिळेल तो उजेड गोळा करायचा असतो.

आता अशा पानाला मेमधल्या नागपुरी दुपारी ठेवा. पानाच्या आत हवा जवळजवळ शंभर टक्के दमट असते. बाहेरची हवा जितकी कोरडी आणि गरम, तितकं ती पर्णरंध्रांतून पाणी ओढून घेते. ही ओढ मोजता येते. जंगलातली २४ अंश तापमानाची आणि ८५ टक्के आर्द्रतेची हवा घ्या, आणि नागपूरची ४२ अंशांची, २० टक्के आर्द्रतेची हवा घ्या. बाष्पाच्या दाबाचं गणित केलं, तर नागपूरची ओढ सुमारे पंधरा पट निघते. (४२ ही काही आपल्याकडची हद्द नाही, २३ मे २०१३ रोजी इथे ४७.९ अंशांची नोंद झाली आहे.) कुंडी पाण्यानं भरलेली असली, तरी ती बारीक मुळं त्या वेगानं पाणी वर चढवू शकत नाहीत. पानाची कड पाण्याच्या वाटेवर सगळ्यात शेवटी येते, म्हणून आधी तीच मरते.

थोडक्यात, कमतरता हवेतल्या ओलाव्याची होती आणि मी ओलावा वाढवला मातीतला. पाणी साचलेल्या मातीतून हवा निघून जाते, मुळांना ऑक्सिजन मिळत नाही आणि कुजवणाऱ्या बुरशीला आयती संधी मिळते. मुळं गेली की पान आणखी वाळतं, आणि आपण आणखी पाणी घालतो.

यावर आपल्या शहरात एक उत्तम यंत्र घरोघरी आहे. कूलर! ओल्या गवतातून हवा जाते, पाण्याचं बाष्प होताना तिच्यातली उष्णता निघून जाते आणि आर्द्रता वाढते. कूलरच्या खोलीत ३० अंश आणि ६५ टक्के आर्द्रता धरली, तर ती ओढ पंधरा पटींवरून तिपटीच्या जरा वर येते. बेगोनियाला हे झेपतं. म्हणून मी एप्रिलच्या मध्यात सगळ्या कुंड्या कूलरच्या खोलीत हलवते, पण झोतात ठेवत नाही. सोसाट्याचा वारा पानाला चिकटलेला ओलसर हवेचा थर उडवून लावतो. झोताला आडवा कोपरा निवडते, जिथे उजेड येतो पण ऊन येत नाही. एरवी पूर्वेची खिडकी चांगली, मेमध्ये मात्र सकाळी आठचं ऊनसुद्धा पान भाजून काढतं. तिथे हिरवी जाळी लावावीच लागते.

पण कूलरच्या टाकीत उरलेलं पाणी बेगोनियाला घालू नका. वाया जाऊ नये म्हणून आपण ते कुंड्यांत ओततो, भावना चांगलीच असते. मात्र बाष्प होऊन उडतं ते फक्त पाणी, क्षार टाकीतच राहतात. चार टाक्या पाणी उडालं, तर चार टाक्यांचे क्षार एका टाकीत जमा होतात. गवतावर जमणारा पांढरा थर तोच. असं पाणी कुंडीत गेलं की मुळांना पाणी ओढणं अजून जड होतं आणि कडा पुन्हा करपतात. त्यापेक्षा एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी बरं, त्यात क्षार जवळजवळ नसतात.

माती निवडतानाही सावध राहावं. आपली काळी माती कापसाला वरदान असली, तरी कुंडीत ओली झाली की फुगून गच्च बसते आणि वाळली की भेगाळून बारीक मुळं तोडते. मी कुजलेला पालापाचोळा आणि कोकोपीट निम्मं-निम्मं घेते आणि त्यात मूठभर विटांचे बारीक तुकडे आणि भाजून काळं केलेलं भाताचं तूस मिसळते. भंडारा-गोंदियाकडच्या राइस मिलांमुळे तूस आपल्याला सहज मिळतं. कुंडी उथळ हवी. बोट पहिल्या पेरापर्यंत कोरडं लागलं की मगच पाणी.

पावसाळ्यात चित्र उलटं होतं. आता हवेची ओढ जवळपास संपते, म्हणून मेमधला पाण्याचा क्रम तसाच चालू ठेवला, तर खालची पानं पिवळी पडून गळतात. पानावर काचेसारखे पाणीदार डाग दिसले आणि भोवती पिवळी कड असली, तर तो जिवाणूंचा रोग असतो. पाण्याच्या शिंतोड्यांनी तो पसरतो आणि त्यावर घरगुती औषध नाही. पान काढून कचऱ्यात टाकावं, कात्री स्पिरिटनं पुसावी.

भुरी येते ती दिवाळीनंतर. नाशिककडच्या द्राक्षबागायतदारांना हे नाव झोपेतही ओळखू येईल. बेगोनियावरची बुरशी द्राक्षावरच्या बुरशीहून वेगळी, पण लक्षण तेच: पानावर पीठ शिंपडल्यासारखे गोल ठिपके. बहुतेक बुरशींना रुजायला पानावर पाण्याचा थेंब लागतो. भुरीला नाही लागत. तिच्या बीजाणूत स्वतःपुरतं पाणी असतं, त्यामुळे पान कोरडं ठेवून ती टळत नाही. उबदार दिवस, थंड दमट रात्र आणि थंडीमुळे बंद केलेल्या खिडक्या असल्या की ती जोरात वाढते. नोव्हेंबरपासून कुंड्यांमध्ये वीतभर अंतर ठेवा आणि दुपारी खिडकी उघडा. निम्मी भुरी एवढ्यानंच थांबते.

पण पानावरचा प्रत्येक पांढरा ठिपका भुरी नसतो. बोअरचं पाणी फवारलं की क्षारांचे डागही तसेच दिसतात. लिंबाच्या रसात बुडवलेला कापूस डागावर हलकेच टेकवावा आणि मग साध्या पाण्यानं पुसावा. क्षार असले तर विरघळतात आणि परत येत नाहीत. भुरी असली तर पुसली जाऊनही चार-आठ दिवसांत त्याच जागी उगवते. फवारणीबद्दल इतकंच सांगते की तिनं हवा काही मिनिटंच दमट राहते, डाग मात्र मागे उरतात.

भुरीवर मी दूध वापरते. ब्राझीलमध्ये वाग्नर बेत्तिओल यांनी झुकिनीच्या भुरीवर गाईचं दूध फवारून पाहिलं आणि १९९९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले: पाण्यात दहा टक्के किंवा अधिक दूध, नियमित फवारलं तर, बुरशीनाशकाच्या तोडीचं ठरलं. प्रयोग बेगोनियावरचा नव्हता, पण सुरुवातीलाच सुरू केलं तर माझ्या कुंड्यांत फरक दिसतो. गंधकाची भुकटीही चालते, मात्र उन्हाळा लागला की नको, ती पानं जाळते.

आणि झाड हातचं जातंय असं वाटलंच, तर एक निरोगी पान वाचवा. रेक्सच्या पानाच्या मागच्या जाड शिरा ब्लेडनं दोन-तीन जागी कापायच्या आणि पान ओल्या रेतीवर पालथं न घालता सरळ टेकवायचं. कापलेल्या जागेजवळच्या पेशी पुन्हा विभागू लागतात, तिथे आधी मुळं आणि मग इवलीशी पानं फुटतात. नागपुरात याला जुलै-ऑगस्ट सगळ्यात चांगला. माझ्या स्वयंपाकघरातल्या खिडकीत सध्या संत्रा बर्फीचा एक पारदर्शक डबा आहे. झाकणाच्या आतून थेंब धरलेत, आणि एका शिरेवर नखाएवढी तीन चंदेरी पानं आली आहेत.