माव्याचा कर्दनकाळ

पानाच्या मागे केसाइतक्या बारीक देठावर टेकलेलं इवलंसं अंडं दिसलं, तर फवारणीचा पंप लगेच उचलू नका. ते क्रायसोपर्ला या मित्रकीटकाचं अंडं असू शकतं, आणि त्यातून निघणारी अळी माव्याचा, म्हणजे पिकाचा रस शोषणाऱ्या बारीक किडीचा, फडशा पाडते.

प्रौढ क्रायसोपर्ला जाळीदार पंखांचा, सोनेरी डोळ्यांचा नाजूक हिरवा कीटक. तो मकरंद, पराग आणि माव्याच्या अंगातून पाझरणारा गोड चिकटा यांवर जगतो. शिकार करते ती अळी. करडी-तपकिरी, दोन्ही टोकांना निमुळती, तोंडापुढे विळ्यासारखे दोन वाकडे जबडे. हिलाच कीड समजून चिरडलं जातं, याचं फार वाईट वाटतं.

अळी डोकं डावी-उजवीकडे हलवत पान चाचपत फिरते. नजरेवर तिची फारशी भिस्त नसते. मावा अंगाला लागला की ती दोन्ही जबडे त्याच्यात खुपसते. प्रत्येक जबडा आतून पोकळ असतो. त्यातून ती पाचक रस सोडते, माव्याच्या आतलं सगळं पातळ होतं आणि ते ती शोषून घेते. मागे उरतं नुसतं सुरकुतलेलं कातडं. कोष विणण्याआधीच्या दोन-तीन आठवड्यांत एक अळी काही शे मावे संपवते, त्यातले बहुतेक तिसऱ्या म्हणजे शेवटच्या अवस्थेत. एवढं खाऊनही ती विष्ठा टाकत नाही! तिचं आतडं मध्येच बंद असतं. साठलेला मळ प्रौढ झाल्यावरच बाहेर पडतो.

भूक इतकी की समोर आलेलं भावंडही ती सोडत नाही. अंड्यांना देठाचा आधार मिळतो तो म्हणूनच. पिकावर सोडण्यासाठी प्रयोगशाळेत या अळ्या वेगवेगळ्या खणांत ठेवतात आणि धान्यातल्या कॉर्सिरा पतंगाची अंडी खाऊ घालून वाढवतात.

वेळ मात्र साधावी लागते. माव्याची मादी नराशिवायही थेट पिल्लांना जन्म देते, त्यामुळे शेंडे माव्याने भरून गेल्यावर अळ्या सोडल्या तर त्या पुऱ्या पडत नाहीत. सरसकट मारणारं कीटकनाशक फवारलं, तर अळ्याही मरतात आणि वाचलेला मावा मोकळा वाढतो. दुसरी अडचण मुंग्यांची. गोड चिकट्यासाठी त्या माव्याची राखण करतात आणि अळ्यांना हुसकावतात. लेसविंगच्या, म्हणजे क्रायसोपर्ला ज्या जाळीदार पंखांच्या कीटकांच्या गटातला आहे त्या गटातल्या, काही जातींच्या अळ्या पाठीवर माव्याची कातडी नि मेणाचे तंतू लादून मुंग्यांना चकवतात, पण क्रायसोपर्लाला ही युक्ती येत नाही. फळझाडाच्या खोडाभोवती चिकट पट्टी बांधून मुंग्यांची वाट आधीच अडवली, तर अळ्यांना शेंड्यापर्यंत मोकळं रान मिळतं.