वाल्तेल्लिना : सीमेलगतचा द्राक्षप्रदेश व तेथील प्रवासाचे नियोजन

वाल्तेल्लिना हे उत्तर इटलीतील, लोंबार्दी प्रदेशाच्या सोंद्रिओ प्रांतात स्वित्झर्लंडच्या सीमेलगत पसरलेले आल्प्समधील खोरे असून ‘नेब्बिओलो’ या काळ्या द्राक्षापासून तयार होणाऱ्या तांबड्या वाइनसाठी ते प्रसिद्ध आहे. तिरानो या गावाच्या खाली अद्दा नदी पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहत कोमो सरोवराला मिळते. त्यामुळे तिच्या उजव्या काठावरील डोंगरउतार दक्षिणाभिमुख राहतो आणि त्याला दिवसभर ऊन लाभते. समोरच्या ओरोबिए पर्वताच्या सावलीतील काठावर मात्र जंगल व कुरणे दिसतात. सहलीची आखणी करताना हा फरक ध्यानात ठेवावा, कारण द्राक्षमळे, पायवाटा आणि वाइनची बहुतेक गावे उजव्याच काठावर आहेत.

हा उतार लागवडीयोग्य झाला तो दगडी बांधांमुळे. चुना-माती न वापरता दगडावर दगड बसवून रचलेल्या या भिंतींची एकत्रित लांबी सुमारे २,५०० किमी. सांगितली जाते. कोकणातला गडगा ज्याने पाहिला आहे त्याला ही रचना ओळखीची वाटेल. फरक एवढाच की, येथे भिंत कुंपणासाठी नसून मागची माती धरून ठेवण्यासाठी आहे. बहुतेक टप्पे इतके अरुंद आहेत की तेथे ट्रॅक्टर शिरू शकत नाही. छाटणी, काढणी आणि ढासळलेल्या बांधाची दुरुस्ती हातानेच करावी लागते. काही ठिकाणी द्राक्षांचे क्रेट खाली आणण्यासाठी तारेवरचे पाळणे, क्वचित हेलिकॉप्टरही वापरतात. दगडी भिंती रचण्याच्या या कलेचा समावेश २०१८ मध्ये इटली व स्वित्झर्लंडसह आठ देशांच्या संयुक्त प्रस्तावावरून यूनेस्कोच्या अमूर्त वारसा यादीत झाला. हे बांध गाडीच्या काचेतून नीट दिसत नाहीत. मोरबेन्यो ते तिरानो अशी सुमारे ७० किमी.ची ‘विया देई तेर्रात्सामेंती’ ही वाट मळ्यांच्या कडेने जाते. तिचा निदान एक टप्पा पायी चालल्याशिवाय हा प्रदेश पाहिला असे म्हणता येणार नाही.

नेब्बिओलोला स्थानिक लोक ‘क्याव्हेन्नास्का’ म्हणतात. ‘वाल्तेल्लिना सुपेरिओरे’ या वर्गातील वाइनला १९९८ मध्ये इटलीचा सर्वोच्च दर्जा मिळाला. तिच्यात किमान ९० टक्के नेब्बिओलो असावे लागते व ती किमान २४ महिने मुरवावी लागते. पश्चिमेकडून पूर्वेकडे जाताना मारोज्जा, सास्सेल्ला, ग्रुमेल्लो, इन्फेर्नो आणि वाल्जेल्ला हे तिचे पाच उपविभाग लागतात. त्यांपैकी मधले तीन सोंद्रिओच्या आसपास असल्यामुळे मुक्कामास ते शहर सोयीचे पडते. ‘स्फोर्त्सातो’ हा प्रकार वेगळा आहे. त्यासाठी काढलेली द्राक्षे हवेशीर माळ्यावर पसरून सुकवतात आणि १ डिसेंबरपूर्वी त्यांचा रस काढता येत नाही. या वाइनमध्ये मद्यार्क किमान १४ टक्के असतो. नाशिककडे द्राक्षांची काढणी हिवाळ्याच्या अखेरीस पाहण्याची सवय असलेल्या मराठी वाचकांनी येथील हंगाम मात्र शरदातला, मुख्यतः ऑक्टोबरमधला आहे, हे लक्षात घ्यावे. त्या दिवसांत मळे लालपिवळे होतात. पण लहान उत्पादक काढणीत गुंतलेले असतात. म्हणून तळघर पाहायचे असल्यास आधी पत्र वा दूरध्वनी करून वेळ ठरवावी.

येथील सीमेचा इतिहास वाइनच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही. १५१२ ते १७९७ या काळात हे खोरे आजच्या स्विस ग्राउब्युंडेन परगण्यातील ‘तीन संघां’च्या ताब्यात होते आणि त्या काळी येथील वाइन मोठ्या प्रमाणात खिंडींतून उत्तरेकडे जात असे. तिरानोच्या उत्तरेचे पोस्कियावो खोरे आज स्वित्झर्लंडमध्ये असले, तरी तेथील भाषा इटालियनच आहे.

मिलानहून तिरानोला थेट रेल्वेगाडी असून ती लेक्को, कोमो सरोवराचा पूर्व काठ आणि सोंद्रिओ या मार्गाने सुमारे अडीच तासांत पोहोचते. तिरानोहून निघणारा बेर्निना लोहमार्ग १९१० मध्ये पूर्ण झाला व २००८ मध्ये जागतिक वारसा ठरला. समुद्रसपाटीपासून सुमारे ४३० मी. उंचीवरील तिरानोहून तो दातेरी रुळांचा आधार न घेता २,२५३ मी.पर्यंत चढतो आणि पुढे स्वित्झर्लंडमधील सांक्ट मोरिट्झला जातो. वाटेत ब्रुसिओ येथे गाडी कमानींच्या गोल पुलावरून स्वतःच्याच मार्गाखालून जाते. काचेच्या छताच्या विशेष गाडीसाठी आसन आगाऊ राखावे लागते. साध्या गाडीला आरक्षण लागत नाही, तिच्या काही डब्यांच्या खिडक्या उघडता येतात आणि मार्ग तोच आहे. अनेक प्रवासी तिरानोत केवळ गाडी बदलतात, ही खेदाची बाब आहे; द्राक्षउतारांसाठी किमान दोन रात्री राखून ठेवाव्यात.

दोन्ही देश शेंगेन या सामाईक व्हिसा क्षेत्रात असल्याने भारतीय पारपत्रधारकास एकच व्हिसा पुरतो. ज्या देशात मुक्काम अधिक, त्या देशाकडे अर्ज करावा आणि दिवस समान असल्यास जेथे प्रथम प्रवेश होणार तेथे. स्वित्झर्लंड युरोपीय संघाच्या सीमाशुल्क व्यवस्थेबाहेर असल्यामुळे बाटल्या नेताना मर्यादा पाळावी लागते : स्वित्झर्लंडमध्ये जाताना १८ टक्क्यांपर्यंत मद्यार्काचे पेय दरडोई ५ लिटर, तर इटलीत परतताना साधी (न फेसाळणारी) वाइन ४ लिटर शुल्कमुक्त आहे, दोन्हीकडे वयाची अट १७ वर्षे पूर्ण ही आहे.

जेवणात ‘पित्सोक्केरी’ हा तेल्यो गावाशी निगडित पदार्थ मुख्य आहे. कुट्टूच्या पिठाच्या पट्ट्या, बटाटे, कोबी, लोणी आणि ‘कासेरा’ चीज यांचा तो बनतो. त्यात मांस नसते. पण कासेरा वासराच्या जठरातून मिळणाऱ्या, दूध गोठवणाऱ्या रेनेटने विरजतात, हे काटेकोर शाकाहारी व्यक्तींनी विचारात घ्यावे. ‘ब्रेसाओला’ हे मीठ लावून वाळवलेले गोमांस असते.