घरात माणसं किती, आणि हाकेला कोण?

गोव्यातल्या डिचोलीजवळच्या एखाद्या वाड्यावरची दोन घरं डोळ्यांसमोर आणा. एका घरात सासू-सासरे, दोघे भाऊ, दोघी जावा, मुलंबाळं, शिवाय चवथीला मुंबईहून उतरणारा सगळा गोतावळा. दुसऱ्या घरात एकटी आजी. मुलगा बोटीवर, सून आणि नातवंडं वास्कोला. काळजी कुणाची वाटते, असं विचारलं तर बहुतेक जण आजीच्या घराकडे बोट दाखवतील. माणसाला जाणवणाऱ्या आधाराचे अभ्यासक मात्र माणसं मोजून थांबत नाहीत. ते दोन्ही घरांतल्या प्रत्येकाला वेगळं गाठून विचारतात की, अडचण आली तर आपल्यामागे कुणी उभं राहील असं तुम्हाला वाटतं का?

हे ‘वाटणं’ मोजायची एक साधी प्रश्नावली ग्रेगरी झिमेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केली. ती आज जगभर वापरली जाते. तिच्यात फक्त १२ विधानं आहेत. काही घरच्यांविषयी, काही मित्रमैत्रिणींविषयी आणि काही मनातलं सांगावं अशा एखाद्या खास माणसाविषयी. प्रत्येक विधान किती पटतं ते १ ते ७ मध्ये सांगायचं. गेल्या महिन्यात कुणी किती वेळा मदत केली, हा प्रश्न त्यात कुठेच नाही.

तो नसण्याला कारण आहे. प्रत्यक्ष मिळालेली मदत आणि जाणवणारा आधार या दोन गोष्टी आपण एकच धरतो, पण त्यांचं नातं बरंच सैल आहे. अनेक अभ्यास एकत्र करून २००७ मध्ये काढलेला त्यांचा सहसंबंध सरासरी ०.३५ भरला. सोप्या भाषेत, जाणवणाऱ्या आधारात माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला जेमतेम आठवा हिस्सा मिळालेल्या मदतीशी जुळतो. उरलेल्या फरकामागे स्वभाव, लहानपणापासूनचे अनुभव, मदत कोणत्या सुरात केली गेली आणि त्या वेळची मनःस्थिती असं बरंच काही असतं. मन खचलेलं असलं की समोरचा आधारही दिसेनासा होतो. एकटेपणावर आयुष्यभर काम केलेले जॉन कॅसिओपो सांगत की, एकटं वाटणाऱ्या माणसाचा मेंदू इतरांच्या वागण्यातला नकार आणि धोका जास्त बारकाईने टिपू लागतो. मग तो माणूस आणखी मागे सरतो आणि आणखी एकटा पडतो.

याचा परिणाम मनापुरता राहत नाही. ज्युलियन होल्ट-लन्स्टॅड आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये १४८ अभ्यासांतल्या ३ लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र तपासली. ज्यांचे सामाजिक संबंध भक्कम होते, त्यांचं जगण्याचं पारडं सरासरी ५० टक्क्यांनी जड निघालं. मला त्या सरासरीपेक्षा तिच्या पोटातले आकडे महत्त्वाचे वाटतात. नुसतं कुणासोबत एका घरात राहण्याचा फायदा १९ टक्के, तर आधार आहे असं वाटण्याचा ३५ टक्के. सर्वांत मोठा आकडा, ९१ टक्के, दिसला तो अनेक प्रकारच्या नात्यांत एकाच वेळी गुंतलेल्या लोकांत. म्हणजे घर, शेजार, काम, देऊळ, भजनी मंडळ अशा सगळ्या ठिकाणी ज्याची जागा आहे, त्याच्यात. आजी रोज संध्याकाळी देवळात जात असेल, शेजारणीशी तिचं पटत असेल, तर तिची परिस्थिती आपल्याला वाटते तितकी वाईट नसेलही.

आता पहिल्या घरातल्या धाकट्या जावेकडे वळू. ती बाळंतीण आहे असं समजा. भोवती माणसंच माणसं, बाळाला न्हाऊमाखू घालायला बाई येते, बारशाची तयारी चालू आहे. आणि तिला मात्र रडू आवरत नाही.

मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी गोव्यातल्या एका जिल्हा रुग्णालयात २७० गरोदर स्त्रियांपासून सुरू केलेला अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी त्यांच्यापैकी २३ टक्के स्त्रियांना नैराश्य असल्याचं आढळलं. गरिबी, नवऱ्याशी बिघडलेलं नातं आणि मुलगी झाल्यावर घरच्यांचा बदललेला चेहरा ही त्यामागची मोठी कारणं होती. घर भरलेलं असूनही ‘आपलं’ कुणी नाही असं वाटणं म्हणजे काय, ते या कारणांतून स्वच्छ दिसतं.

या अभ्यासानंतरची गोष्ट मला फार मोलाची वाटते. पटेल यांचा सहभाग असलेल्या ‘संगत’ या गोव्यातल्या संस्थेने पुढे नैराश्य असलेल्या २८० गरोदर स्त्रियांबरोबर उपचाराची एक चाचणी केली. तिचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. उपचार देणाऱ्या होत्या गावातल्याच, स्वतः आई असलेल्या, वैद्यकीय शिक्षण नसलेल्या बायका. त्यांना नाव दिलं होतं सखी. गरोदरपणापासून बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत सखी घरी येऊन बोलत. जिची खुशाली कुणी विचारत नव्हतं, तिच्याकडे एक बाई तिच्याचसाठी येऊ लागली. नैराश्यातून बाहेर पडणाऱ्यांच्या प्रमाणावर याचा मध्यम स्वरूपाचा परिणाम दिसला. मध्यम हा शब्द निराश करणारा नाही, कारण इथे ना औषध होतं, ना डॉक्टर.

मदत कशी केली जाते यानेही फार फरक पडतो. न्यूयॉर्कमध्ये वकिलीच्या परीक्षेला बसणाऱ्यांचा आणि त्यांच्या जोडीदारांचा एक अभ्यास नियाल बोल्गर यांनी २००० मध्ये मांडला. दोघेही रोज स्वतंत्र नोंद ठेवत. ज्या दिवशी जोडीदाराने मदत केली पण परीक्षार्थीच्या ती ध्यानातही आली नाही, त्या दिवसानंतर परीक्षार्थीची उदासी सर्वांत कमी असे. ठळकपणे केलेली मदत मनावर ओझं टाकते, आपण कमी पडतो असं सुचवते. आपल्याकडे सुतक असलेल्या घरात सणाच्या नेवऱ्या, म्हणजे करंज्या, तळत नाहीत, त्या शेजारून येतात. देणारी डबा ठेवते, दोन शब्द बोलते आणि निघते. या रीतीतलं शहाणपण मला या संशोधनानंतर जास्त जाणवू लागलं.

पण न सांगता मदत मिळेलच असं नाही, आणि मागायला जीभ रेटत नाही. फ्रान्सिस फ्लिन आणि व्हेनेसा लेक यांनी २००८ मध्ये प्रयोगांतून दाखवलं की, थेट विनंती केल्यावर किती लोक होकार देतील याचा आपला अंदाज वास्तवापेक्षा खूपच कमी असतो, कधी कधी जवळजवळ निम्मा. मागणाऱ्याला आपल्यामुळे होणारा त्रास दिसतो. समोरच्याला नाही म्हणणं किती जड जातं, ते दिसत नाही.

२०११ च्या जनगणनेत गोव्यातली ११.२ टक्के माणसं साठीपलीकडची होती, देशात केरळखालोखाल. आरोग्य केंद्रात रक्तदाब तपासताना ‘घरी कोण कोण असतं?’ हे आपण विचारतोच. त्याच्या जोडीला ‘रात्री-अपरात्री बरं वाटेनासं झालं तर हाक कुणाला माराल?’ एवढं विचारायला अर्धा मिनिटही लागत नाही. आणि लसीसाठी बाळाला घेऊन आलेल्या आईलाही, सासू बाजूला नसताना, हाच प्रश्न विचारायला हवा.